"चाकू लागला की कॅन्सर पसरतो" म्हणे! जरा थांबा

आपल्या रामबागेच्या ग्रुपवर परवापासून फिरतंय की पोटाच्या कॅन्सरला चाकू लावला, हवा लागली की तो अंगभर पसरतो, म्हणून ऑपरेशन करूच नका. अहो, साफ चुकीचं आहे हे. हवेनी काही पसरत नाही. पूर्वी स्कॅन नव्हते, पोट उघडल्यावरच कळायचं की आधीच सगळीकडे गेलंय, मग तसंच शिवून टाकायचे आणि पेशंट महिन्या-दोन महिन्यांत जायचा, नाव मात्र चाकूचं व्हायचं. आता आधी सीटी, कधी दुर्बिणीनी आत डोकावणं, मग ठरवतात.

गाठ पसरली नसेल तर जठराच्या कॅन्सरमधे बरं व्हायचा मुख्य रस्ता ऑपरेशनच, बहुतेकदा आधी किमो मग ऑपरेशन, आणि आजूबाजूच्या लसिका गाठीपण (लिम्फ नोड, म्हणजे शरीरातल्या छोट्या ग्रंथी) काढतात, निदान १६ तरी तपासाव्यात असं आहे. अन्ननलिकेचा कॅन्सर असेल तर तेवढा भाग काढून जठराचीच नळी करून वर जोडतात (मला तर हे ऐकूनच गरगरलं). मानेजवळ असेल तर मात्र बरेचदा किमो-रेडिएशनवरच भागवतात. अगदी सुरवातीचं असेल तर एंडोस्कोपीनीच निघतं, आणि लिव्हरपर्यंत गेलं असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत, ते वेगळं.

आमच्या काकांचं पूर्ण जठर काढलंय. पोह्यांची एक प्लेट तीन वेळात खातात, वर शेव हवीच, बी१२ चं इंजेक्शन कायमचं. तो मेसेज त्यांनीच मला दाखवला, हसत.