स्टाउट बर्फगार पिऊ नका

स्टाउट या काळ्या बिअरवरचा तुमचा लेख आवडला, पण तिचा काळा रंग कॉफी-चॉकलेटमुळे येतो हे त्यातलं वाक्य खटकलं. तो रंग येतो काळपट होईपर्यंत भाजलेल्या बार्लीमुळे आणि माल्टमुळे (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य). कॉफी-चॉकलेट वेगळं घातलं की भर पडते ती मुख्यतः वासात आणि चवीत.

तुम्ही चाखलेली अमेरिकेतल्या मिशिगनच्या फाउंडर्स या बिअर कंपनीची ब्रेकफास्ट स्टाउट माझीही फार लाडकी. सुमात्रा आणि कोना कॉफी, चॉकलेट, ओट्स, आणि अल्कोहोल ८.३ टक्के, त्यामुळे दोघांत एक बाटली पुरते. पण तुम्ही ती फ्रीजमधून काढून लगेच प्यायलात, म्हणूनच नुसती कडू लागली असणार. ग्लासात ओतून थोडा वेळ राहू द्या, १०-१२ अंशांपर्यंत येऊ द्या. मग बघा, तपकिरी फेस काचेला चिकटून राहतो, आधी ताज्या कॉफीचा दरवळ येतो आणि घोट गिळल्यावर डार्क चॉकलेट जिभेवर कितीतरी वेळ रेंगाळतं. ओट्समुळे घोटही जाडसर, मऊ लागतो.

बाटली वर्षभर जपून मात्र ठेवू नका, कॉफीचा ताजेपणा लवकर जातो. आणि सोबत केकऐवजी खारट, मुरलेलं चीज घेऊन बघाच!