पोलिसांचं बजेट कापा म्हणे!

वाद लावला मन्यानं. पोलीस कुणाला जुमानत नाहीत ना, मग त्यांचा पैसा कापा आणि तोच दिव्यांना, दवाखान्यांना, वाचनालयांना द्या, एवढं सरळ त्याचं म्हणणं. "अमेरिकेत केलंच की लोकांनी. मिनिआपोलिसमध्ये, ऑस्टिनमध्ये."

"केलं. पुढं काय झालं तेही सांग," वकील म्हणाली. आमच्यात सनद असलेली ती एकटीच. बाकीचे सनदेशिवाय वाद घालतात.

मन्या गप्प बसला, म्हणून तिनंच सांगितलं. मे 2020 मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. जूनमध्ये मिनिआपोलिसच्या नऊ नगरसेवकांनी जाहीर शब्द दिला की हे पोलीस खातं आम्ही मोडीत काढू. पण लोकसंख्येमागे किमान इतके पोलीस ठेवलेच पाहिजेत, हे त्या शहराच्या सनदेत, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमांतच लिहिलेलं. डिसेंबरात जेमतेम 80 लाख डॉलर दुसऱ्या कामांकडे वळले. नोव्हेंबर 2021 मध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं सुरक्षा खातं आणायचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा त्याच शहरातल्या 56 टक्के लोकांनी तो पाडला. ऑस्टिननं तर साधारण 15 कोटी डॉलर कापल्याचं जाहीर केलं होतं. त्यातला बराच पैसा फॉरेन्सिक प्रयोगशाळेसारख्या कामांबरोबर नुसता दुसऱ्या खात्याच्या नावावर सरकला. वर्षभरात टेक्सास राज्यानं कायदा केला, की मोठ्या शहरानं पोलिसांचा पैसा कापला तर त्याच्या करवाढीवर टाच येईल. मग ऑस्टिनचं पोलीस बजेट आधीपेक्षाही वर गेलं.

"म्हणजे सरकारनं दाबलं," मन्या म्हणाला.

"आणि ते 56 टक्के? त्यांना कुणी दाबलं?"

सुन्याचा भाऊ खात्यात आहे, त्यामुळे तो आधीच तापला होता. "कापायचं म्हणजे नक्की काय कापणार रे? पगाराला हात लावता येत नाही. मग जाणार काय, तर ट्रेनिंग, गाड्या, राहायची घरं. साहेबाचं काही जात नाही, मरतो शिपाई. आणि थकलेला शिपाई जास्त हात उचलतो, कमी नाही."

ही गोष्ट मला पटली, आणि मन्यालाही पटली असावी, कारण त्यानं लगेच मोर्चा वळवला. प्रत्येक फोनवर वर्दीच कशाला पाठवायची? ओरेगॉनमधल्या युजीन शहरात 1989 पासून मानसिक त्रासातल्या, नशेतल्या माणसाकडे पोलिसाऐवजी आरोग्यसेवक आणि समुपदेशक जायचे. डेन्वरनं 2020 मध्ये तसंच पथक सुरू केलं. यावर सुन्याही मान डोलवू लागला. असल्या कामाला आम्ही कशाला, असं त्याचा भाऊही म्हणतो म्हणे.

"युजीनचं ते काम 2025 मध्ये थांबलं. पैशाअभावी," अण्णा म्हणाले.

अण्णांनी आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले. भाषण ऐकताना त्यांचा चेहरा कोरा असतो, लेखाशीर्ष, म्हणजे कुठला खर्च कुठल्या नावाखाली लिहायचा ते, म्हटलं की फुलतो. त्यांचं म्हणणं, कापाकापीत तुम्ही हरणारच, कारण समोरचा चोरांची भीती घालतो आणि आकडा पुन्हा वाढवून घेतो. त्यापेक्षा अंदाजपत्रकातल्या दोन ओळी बघा. पहिली भरपाईची. फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनिआपोलिस शहरानं 2 कोटी 70 लाख डॉलर दिले. न्यूयॉर्कमध्ये असा पैसा शहराच्या सामायिक तिजोरीतून जातो, पोलिसांच्या बजेटला ओरखडाही उठत नाही. आपल्याकडंही 1993 मध्ये नीलाबती बेहरा खटल्यात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला दीड लाख द्यायला सुप्रीम कोर्टानं सांगितलं ते ओडिशा सरकारला. "चूक एका ठाण्याची, बिल सगळ्यांच्या नावावर. ज्या खात्याची चूक त्याच्याच शीर्षाखाली ती रक्कम दाखवा, बघा वरिष्ठ कसे लक्ष घालतात."

"आणि दुसरी ओळ?"

"तक्रार ऐकणाऱ्याच्या पगाराची."

इथं वकिलीणबाई सरसावल्या, कारण हा त्यांचा प्रांत. शिकागोत पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या कचेरीला पोलीस बजेटच्या किमान एक टक्का मिळालाच पाहिजे, असं नियमात बांधलंय. न्यूयॉर्कनं 2019 मध्ये मतदान घेऊन सनदेत घातलं, की तक्रार मंडळाचे कर्मचारी गणवेशातल्या पोलिसांच्या संख्येच्या 0.65 टक्के तरी हवेत. पोलीस वाढले की तपासणारेही वाढणार. अर्थात शिक्षेचा शेवटचा शब्द तिथं पोलीस आयुक्ताचाच, आणि आर्थिक अडचण दाखवून महापौराला ही अट बाजूला ठेवता येते. म्हणजे पळवाट आहेच. तरी माझ्या मते 15 कोटींच्या घोषणेपेक्षा हा अर्धा-पाऊण टक्का जास्त टिकाऊ. घोषणा वर्षात उलटली, लोकांनी मतदानानं घातलेली अट एवढ्या सहज उलटत नाही.

मन्याला मात्र हे फार पुळचट वाटलं. "मग आपल्या महापालिकेत असा टक्का बांधून घेऊ!"

वकील हसली. "महापालिका पोलिसांना पगार देते का? पोलीस हा राज्य सूचीतला विषय. गृहखातं मुंबईत." म्हणजे अमेरिकन घोषणा जशीच्या तशी उचलली तर मोर्चा चुकीच्या दारात जाणार. पुणे महापालिकेत 2006-07 पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवतात. पदपथ, बाक, दिवे मागता येतात, ठाण्यातला हवालदार नाही. दिवे क्षुल्लक नाहीत, अंधार कमी झाला की पोलिसांवाचूनही बरंच भागतं. पण जाब विचारायचा तर राज्याच्या अंदाजपत्रकाकडंच जावं लागेल.

तिथं दार आहे. प्रकाश सिंह हे स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. त्यांच्या याचिकेवर 22 सप्टेंबर 2006 ला सुप्रीम कोर्टानं राज्यात आणि जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमा म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि राज्य व विभाग पातळीवर ती ठेवली. जिल्हा गळाला.

"खोट्या तक्रारी येतात त्याचं काय?" सुन्या.

"खोटी आहे हे ठरवायलाही माणूस लागतोच ना?" वकील म्हणाली. " रिकाम्या खुर्चीपुढं तुझ्या भावाची फाइलही तशीच पडून राहील."

अण्णांनी मग कॅमेऱ्यांचं काढलं. डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे लावायला सांगितले, चित्रण 18 महिने ठेवायचं, ते जमेना तर निदान वर्षभर. 2025 मध्ये कोर्टालाच पुन्हा विचारावं लागलं की ते चालू का नाहीत. "कॅमेरा बसवणं भांडवली खर्च, म्हणजे एकदाचा, त्याच्या उद्घाटनाची फीत कापता येते. तो चालू ठेवणं महसुली खर्च, म्हणजे दरवर्षीचा. देखभालीच्या बिलाची फीत कोण कापणार?" अशा वाक्यावर अण्णा स्वतःच खूश होतात, पण मुद्दा बिनतोड होता.

शेवटी ठरलं की माहिती अधिकारात अर्ज टाकायचा: प्राधिकरणात मंजूर पदं किती, भरलेली किती, मागच्या तीन वर्षांत तरतूद किती आणि खर्च किती. मन्याला त्यात "खातं बरखास्त का करू नये" हेही घालायचं होतं; माहिती मागायची असते, मत नाही, म्हणून वकिलीणबाईंनी ते कापलं. सुन्यानं एक प्रश्न वाढवला, शिपायांच्या ड्युटीच्या तासांचा, आणि तो सगळ्यांनी ठेवला.

"नाव कुणाचं टाकायचं?"

"माझं नको," सुन्या म्हणाला, "भाऊ खात्यात आहे."

"म्हणून तर तुझंच टाकू," मन्या म्हणाला, आणि भांडण नव्यानं सुरू झालं.