‘एक्सेल पुरेसं आहे’ म्हणणाऱ्या वाचकांना

आंब्याचा हिशेब एक्सेलऐवजी डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांत, कसा ठेवावा यावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत : ‘आंब्याच्या हिशेबाला डेटाबेस शिकवणाऱ्याने कधी पेटी भरली आहे का? एक्सेल पुरेसं आहे. आकृती वाचता येत नाही. आणि शिकलेला पोरगा मुंबईला गेला की हे सांभाळणार कोण?’

मतभेदाला ना नाही, पण हा सूर कशाला? पेटी भरली आहे का म्हणे! देवगडजवळ आमची स्वतःची कलमं आहेत. मे महिन्यात पेंढा पसरून पाच डझनी, सहा डझनी लावायचं काम आम्हा भावंडांकडेच असायचं, आणि वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली की वडील ती वहीत उतरवत. टोपणनावाआडून विचारणाऱ्याने आधी स्वतः किती भरल्या ते सांगावं.

पुढे मी एका कॅनिंगच्या कारखान्यात आवक लिहायला होतो. तिथे आपलं लाडकं एक्सेलच होतं. एका वाडीत एकाच नावा-आडनावाचे तिघे बागायतदार, त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावही एकच. शीटमध्ये कुणी पूर्ण नाव लिही, कुणी आद्याक्षरं, कुणी नुसतं ‘वरचं घर’. एकाच्या क्रेटचे पैसे दुसऱ्याला गेले आणि भर पावसात दारात येऊन शिव्या घातल्या त्या मला, शीटला नव्हे.

म्हणून लेखात बागायतदारांचा तक्ता वेगळा ठेवला. प्रत्येकाला एक क्रमांक. आवकेच्या तक्त्यात वजन, तारीख आणि तेवढा क्रमांक. फॉरेन की, म्हणजे दोन तक्ते क्रमांकाने बांधणारी अट, लावली की बागायतदारांच्या तक्त्यात नसलेल्या क्रमांकावर माल चढतच नाही, नोंद तिथल्या तिथे परत येते. मोबाइल नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचा. आयबीएम या संगणक कंपनीतल्या कॉड या संशोधकाने 1970 साली मांडलेली ही रचना आपल्याला ‘पुस्तकी’ वाटत असेल तर वाटो. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात हेही आपण ऐकवलंत. मावतात हो! जागा कमी पडते असं मी म्हटलंच कुठे होतं?

आकृतीतली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठी करून टाकतो.

पोरगा मुंबईला जाण्याचं म्हणाल, तर एक्सेलवालाही जातोच. त्यात शिरत नाही.

पुढचा लेख जॉइनवर, म्हणजे असे दोन तक्ते जोडून एकत्र वाचण्यावर, आहे. वाचलात तर आनंद, नाही वाचलात तरी चालेल.