पाच किलो तेल आणि पाच लिटरचा कॅन

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात, किलोवाले आणि लिटरवाले. किलो पक्षाच्या अध्यक्षा आई, लिटर पक्षाचे बाबा, आणि दोघांच्याही पिशव्या घेऊन बाजारात जाणारा एकमेव कार्यकर्ता मी.

आईचं म्हणणं सरळ आहे. साखर किलोत, रवा किलोत, बेसन किलोत, मग तेलानेच काय घोडं मारलंय? बाबा म्हणतात तेल पातळ आहे, पातळ वस्तू मापाने मोजायची. त्यावर आई तुपाचा प्रश्न काढते, ते उन्हाळ्यात पातळ आणि थंडीत घट्ट, मग दर सीझनला काटा बदलायचा का? इथे बाबा पेपर उघडतात.

यंदा आईने लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल आणायचं ठरवलं. घाण्यावर तेल काट्यावर देतात. तिने मला पाच लिटरचा कॅन दिला आणि पाच किलो आण म्हणाली. मी निघताना बोललो की आई बसणार नाही, एक लिटर तेल म्हणजे जेमतेम ९१० ग्रॅम, त्यामुळे पाच किलोला साडेपाच लिटरची जागा लागते. तर म्हणे, ‘पाच म्हणजे पाच, तू जास्त शिकू नकोस.’ घाण्यावाल्याने कॅन काट्यावर ठेवला, काटा शून्य केला आणि नरसाळं लावून ओतायला लागला. साडेचार झाले, तेल खांद्यापर्यंत आलं. पावणेपाचला गळ्यात आलं. ‘साहेब, आता पुढचं कुठे घालू?’ मागे लाइन, हातात फोन, फोनवर आई, आणि आई सांगतेय की कॅन जरा हलव, खाली बसेल. तेल काय तांदूळ आहे का हलवून बसायला! शेवटी त्याने उरलेलं पाव किलो एका पाण्याच्या बाटलीत भरून दिलं आणि त्या बाटलीचे पैसे पण लावले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण तळणाचं तेल वेगळं लागतं ना. एका दुकानात सोयाबीनचा डबा २२५० ला, समोरच्या दुकानात २४०० ला. आई म्हणाली पहिला घे, दीडशे वाचतात. मी डबे फिरवून बघितले तर पहिला १५ लिटरचा आणि दुसरा १५ किलोचा. पत्रा तोच, आकार डोळ्याला सारखाच, पण १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे पहिला पडतो किलोला जवळजवळ १६५ ने आणि ‘महाग’ वाला बरोबर १६० ने. हा हिशोब मी दुकानात उभ्याउभ्या फोनवर समजावून सांगत होतो आणि दुकानदार माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या मुलीला मागणी घालतोय.

बाबांना हे कळल्यावर त्यांनी घरातली सगळी पाकिटं काढून चष्मा लावून वाचली. त्यांचं बघा एक बरं असतं, हरले की अभ्यास करतात. मग आम्हाला लेक्चर मिळालं की तेल तापलं की फुगतं, त्यामुळे लिटर तेवढाच राहतो पण वजन घटतं. सोयाबीन तेल २१ अंशाला लिटरमागे साधारण ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९३ च्या आसपास. आणि काही कंपन्या पाकिटावर चक्क ६० अंशाचं माप छापायच्या! अहो, जळगावात मे महिन्यातही ६० होत नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं की तापमान छापू नका आणि लिटरसोबत वजनही लिहा, तेव्हापासून निदान वाचणाऱ्याची सोय झालीये. वाचतो कोण ते सोडा.

मधाचं तर उलटंच. महाबळेश्वरहून आणलेला किलोभर मध आईने लिटरच्या बाटलीत ओतला आणि बाटली पाऊण सुद्धा भरली नाही, तर थेट ‘फसवलं मेल्याने’ सुरू. मध पाण्याच्या जवळजवळ १.४ पट जड, किलोभर मध सातशे मिलीच्या थोडा वरच भरणार, हे मी सांगायला गेलो तर मीच त्याचा पार्टनर ठरलो.

आणि गावाला काका. डेअरीवर दूध घालतात, तिथला काटा वजन घेऊन त्याला १.०३ ने भागतो आणि लिटर दाखवतो. दहा किलो दूध ठेवलं की ९.७ लिटर. म्हणजे आम्ही तेलात किलो मागून कॅन ओसंडवतो आणि काका किलो ठेवून लिटरात कमी भरतात. त्यात पुन्हा ‘डिग्री लागली नाही’ (म्हणजे दुधाचा घट्टपणा मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडा कमी आला) म्हणून भाव पाडला की काकांचा फोन येतो, आणि म्हशीने पाणी जास्त पिलं असेल हे कारण ते मला ऐकवतात, डेअरीवाल्याला ऐकवायची हिंमत नाही.

परवा फराळ आटोपल्यावर बाबांनी ७०० मिलीचा आइस्क्रीमचा डबा आणला. मी बोलता बोलता बोललो की नियमाप्रमाणे आइस्क्रीम लिटरला कमीत कमी ५२५ ग्रॅम भरलं की झालं, म्हणजे या डब्यात ३६८ ग्रॅम असलं तरी चालतं, बाकी फेटलेली हवा. आईने चमचा खाली ठेवला आणि बाबांना विचारलं, ‘अहो, हे पातळ आहे का?’

बाबांनी पेपर शोधला, पण तो चकल्यांखाली होता.