जबड्याची कटकट

जांभई ही माणसाला फुकट मिळणारी चैन. जबड्याचा सांधा बिघडला की पहिली गदा येते ती तिच्यावर. आ वासला की कानाजवळ 'कट्', मिटला की पुन्हा 'कट्', आणि दोन्ही मिळून कटकट.

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतात ते हेच महाशय. दाराची बिजागरी नुसती फिरते. हा सांधा आधी फिरतो आणि मग पुढे घसरतो, म्हणजे बिजागरी आणि ड्रॉवर एकाच जागी. शिवाय खालचं हाड एकच असल्याने डावा रुसला की उजव्यालाही सुख नाही. मला तर या सांध्याची बाजूच घ्यावीशी वाटते.

हाड आणि कवटी यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. ती पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना हाडाचं टोक टुणकन तिच्यावर चढतं, तोच तो आवाज. दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही. पण कधी कधी आवाज अचानक बंद होतो, माणूस खूश होतो आणि पुढचा घास तोंडात जाईना होतो. चकती वाटेतच अडून बसलेली असते. एरवी तोंड ४० ते ५० मिलिमीटर, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी मावतील इतकं उघडतं. आता दोनही कशीबशी.

बरेचदा मात्र दुखतो तो सांधा नव्हे, चावायचे स्नायू. ठणका कानात, कानशिलात नाहीतर दाढेत जाणवतो, आणि निर्दोष दाढ फासावर जाते. तिला शिक्षा देण्याआधी गाल दाबून पाहावा. ओळखीचं दुखणं तिथे उमटलं तर गुन्हेगार सापडला. (सोबत छातीत दडपण, घाम, धाप असेल तर मात्र विनोद बाजूला ठेवून थेट रुग्णालय. हृदयाचं दुखणंही जबड्यात उतरतं.)

उपाय इतके साधे आहेत की कुणाचा विश्वास बसत नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे. दातांनी भेटायचं ते चावताना-गिळताना. एरवी गाठीभेटी बंद. (आत्ता तुमचे टेकलेत. सोडा.) ओलसर गरम टॉवेलचा शेक १५-२० मिनिटं, मऊ अन्न, लहान घास, च्युइंगगमला रजा. जीभ टाळूला टेकवून तोंड सावकाश उघडायचं, सहा वेळा, दिवसातून सहादा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. बघणाऱ्याला वाटतं, गहन चिंतन चाललंय.

झोपेत दात खाणाऱ्यांना डॉक्टर दातांवर बसवायची, मापाची कडक ॲक्रिलिकची (प्लास्टिकची) पट्टी देतात. सवय सुटेलच असं नाही, पण झीज होते ती पट्टीची. तयार मऊ पट्टी काहीजण रात्रभर चघळत बसतात. आणि 'चावा जुळवू' म्हणून कुणी दात घासायला निघालं तर आधी दुसरं मत घ्यावं. घासलेला दात पुन्हा उगवत नाही.

तोंड न उघडण्याच्या उलटा प्रकार म्हणजे मोठ्या जांभईत हाडाचं टोक सांध्यापुढच्या उंचवट्यापलीकडे निसटतं आणि तोंड मिटतच नाही. घरच्यांनी ओढाताण करू नये. डॉक्टर दोन्ही अंगठे खालच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली, मग मागे ढकलतात. त्याआधी अंगठ्यांना जाड गॉझ गुंडाळतात, कारण सांधा जागेवर बसला की तोंड खाडकन मिटतं.