विलायतेत युरोपविषयी मत कसं बाळगावं

तुम्हाला रेडिंगला येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. पुण्याहून आणलेला कुकर इथल्या काचेच्या शेगडीवर चालत नाही हे कळून चुकलंय, बसमधून उतरताना ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणायची सवय लागलीय, आणि आज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सहज विचारलं, "मग, ब्रेक्झिटबद्दल तुम्हाला काय वाटतं?" म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियन या युरोपातल्या देशांच्या संघातून बाहेर पडलं, त्याबद्दल. तुम्ही लगेच रात्री जागून सीमाशुल्क आणि सामायिक बाजारपेठ यांवर वाचायला घेतलंत. मिटा ते. त्या बाईंनी युरोपबद्दल काहीही विचारलेलं नाही. आडनाव ऐकून समाधान झालं नाही की आपण गोडीत विचारतो ना, "तुम्ही मूळचे कुठले?" तोच हा प्रश्न. गावाशी कुणाला देणंघेणं नसतं. पान कुठे मांडायचं तेवढं ठरवायचं असतं.

तेव्हा आधी पंगत निवडा. पंगत ठरली की मत आपोआप पानात पडतं.

पाठ करायला थोडेच आकडे पुरतात. २३ जून २०१६ ला सार्वमत झालं, त्यात ५१.९ टक्के 'बाहेर पडू' म्हणाले आणि ४८.१ टक्के 'राहू' म्हणाले. पहिले लीव्हर, दुसरे रिमेनर. ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला, पण ही दोन कुळं काही मोडली नाहीत. युरोपियन युनियन नेमकं काय काम करते हे दोन्हीकडे कुणी विचारत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नये.

तुम्ही पदवीधर, आयटीतले, घरात दोन पगार. तुम्हाला शोभते रिमेनरांची पंगत. इथे आवाज खाली आणि भुवया वर ठेवायच्या. "लोकांची दिशाभूल झाली हो," हे वाक्य आरशासमोर घोटून घ्या. यातले 'लोक' म्हणजे सुंदरलँडच्या निस्सान कारखान्यातला कामगार. तुम्ही स्वतः कधी 'लोक' नसता. 'अडाणी' हा शब्द चुकूनही तोंडातून जाता कामा नये. 'बिचारे' म्हणा. अर्थ तोच निघतो आणि मन मोठं दिसतं.

कॉर्नवॉलचा आणि साउथ वेल्सच्या खोऱ्यांचा विषय निघणारच. या भागांना युरोपकडून भरपूर निधी मिळाला आणि तिथेच लीव्हला बहुमत पडलं. कॉर्नवॉलच्या कौन्सिलने तर निकाल लागतो न लागतो तोच 'आमचा निधी कमी होणार नाही ना?' अशी विचारणा केली. इथे मंद हसायचं आणि म्हणायचं, "खाल्ल्या मिठाला जागले नाहीत." वाड्यावरच्या इनामदाराने कुळाबद्दल बोलावं तसं हे ऐकू येतं खरं, पण तुम्ही लोकशाहीवादी असल्यामुळे खपून जातं. साउथ वेल्समधल्या एब्बू व्हेलचा पोलादाचा कारखाना २००२ साली बंद पडला. त्यानंतर तिथल्या माणसाने युरोपच्या निधीची बारा ताऱ्यांची निळी पाटी बघून पोट कसं भरायचं, असं कुणी विचारलंच तर पाणी प्यायला उठा.

या पंगतीचा मोठा धडा मात्र सार्वमताच्या आधीचा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये रोचेस्टरच्या पोटनिवडणुकीच्या दिवशी मजूर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरी यांनी ट्विटरवर एका घराचा फोटो टाकला. घरावर इंग्लंडचे तीन झेंडे, दारात पांढरी व्हॅन, म्हणजे इथल्या कष्टकरी माणसाची ठरलेली खूण. सोबत फक्त 'रोचेस्टरमधलं छायाचित्र' अशा अर्थाचे शब्द. टीका नाही, टोमणा नाही. आणि त्याच दिवशी त्यांना शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून, राजीनामा द्यावा लागला, कारण जे लिहिलंच नव्हतं ते अख्ख्या देशाला वाचता आलं. तेव्हा तुम्हाला झेंडा लावलेलं घर दिसलं तर डोळ्यांनीच बघा. फोन खिशात राहू द्या.

आता समजा, तुम्हाला रांगडेपणाची हौस आहे आणि दुसऱ्या पंगतीत बसायचंय. इथे आधी 'एलिट' या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा लागतो. डलिच कॉलेजसारख्या महागड्या शाळेत शिकलेले, शेअर दलालाचे चिरंजीव, पुढे स्वतः धातूंच्या बाजारात सौदे करणारे लीव्हचे पुढारी नायजेल फराज हे एलिट नव्हेत, कारण त्यांच्या हातात बिअरचा ग्लास असतो. ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेतले, पुढे पंतप्रधान झालेले बोरिस जॉन्सन नव्हेत, कारण केस विंचरलेले नसतात. ईटनचेच लीव्हर नेते जेकब रीस-मॉग हेही नव्हेत. ते का, हे मलाही अजून उमगलेलं नाही. एलिट म्हणजे सरकारी शाळेत फ्रेंच शिकवणारी, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी बाई.

मत कसं बनवावं हे जॉन्सन यांच्याकडूनच शिकावं. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी एक लेख बाहेर पडण्याच्या बाजूने लिहिला, एक राहण्याच्या बाजूने लिहिला आणि मग पहिला छापायला दिला. बस्ता बांधायला गेल्यावर दोन्ही साड्या खांद्यावर टाकून बघतात, त्यातला प्रकार. 'युरोपला एवढे पाठवतो' म्हणून लीव्हच्या प्रचाराच्या लाल बसवर रंगवलेले दर आठवड्याचे ३५ कोटी पौंड तुम्हाला कुणी काढून दाखवेल. थॅचरबाईंनी १९८४ साली भांडून मिळवलेली सूट त्यात वजाच केलेली नव्हती, असा हिशेब मांडेल. त्यावर लीव्हचे नेते मायकल गोव्ह यांचं स्मरण करा. तज्ज्ञांना लोक कंटाळलेत, असं ते टीव्हीवर म्हणाले होते. (हे वाक्य दाताच्या डॉक्टरकडे वापरू नका. इथे तो एकतर मिळत नाही, आणि मिळाला तर रागवून चालत नाही.)

स्वाभिमानाची खूण म्हणून पासपोर्टचा रंग सांगत चला. १९८८ पासून तो लालसर झाला होता, २०२० मध्ये पुन्हा निळा झाला. युरोपने रंगाची सक्ती कधी केलीच नव्हती आणि युनियनमध्ये असूनही क्रोएशियाचा पासपोर्ट निळाच आहे, हे सांगायची गरज नाही. नव्या पासपोर्टचं कंत्राट फ्रेंच-डच कंपनीला गेलं आणि तो पोलंडमध्ये तयार होतो, हेही नको. ब्रेक्झिटचे खंदे समर्थक उद्योगपती जेम्स डायसन यांनी कंपनीचं मुख्यालय सिंगापूरला हलवलं, तर त्याच गोटातले उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी आपली जीपगाडी वेल्सऐवजी फ्रान्समध्ये बनवायला घेतली. देशप्रेम मोठं असलं की एका देशात मावत नाही.

दोन्ही पंगती एकाच वेळी बघायच्या असतील तर १५ जून २०१६ ची टेम्स नदी आठवा. फराज मच्छीमारांच्या बोटी घेऊन पार्लमेंटकडे निघाले, समोरून दुसऱ्या बोटीवर रिमेनर गायक बॉब गेल्डॉफ कर्ण्यातून ओरडत आणि बोटं दाखवत आले. एकीकडे पेढीवरचा माणूस, दुसरीकडे कोट्यधीश पॉप गायक, आणि मधल्या पाण्यात ज्यांची जाळी होती ते. पुढे युरोपशी झालेल्या २०२० च्या करारात आम्हाला फसवलं असं मच्छीमारांच्या संघटना म्हणाल्या, तेव्हा नदीत ना हे होते ना ते.

कुणी इतिहास काढलाच तर सावध राहा, कारण पूर्वी पानं उलटी मांडलेली होती. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के लोक राहा म्हणाले. तेव्हा थॅचरबाई युरोपातल्या देशांच्या झेंड्यांचा स्वेटर घालून प्रचाराला उतरल्या होत्या, आणि बाहेर पडा असं ओरडत होती ती मजूर पक्षातली डावी मंडळी. १९८३ च्या जाहीरनाम्यात त्यांनी तसं लिहूनही दिलं. ब्रिटनची जमीन युनियनमधल्या आयर्लंडला जिथे भिडते, त्या नॉर्दर्न आयर्लंडच्या सीमेबद्दल मात्र दोन्ही पंगतींत अगदी २०१६ पर्यंत फारसं कुणाला काही आठवलं नव्हतं. बांध कुठे आहे ते वाटणी झाल्यावर बघायचं, ही पद्धत आपल्या भावकीला नवी नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. त्या सार्वमतात कॉमनवेल्थच्या नागरिकांना मत होतं. म्हणजे व्हिसावर आलेला, अजून धड थंडीचा कोटही न घेतलेला पुणेकर हे ठरवू शकत होता, आणि वीस वर्षं इथे कर भरणारी फ्रेंच नर्स ठरवू शकत नव्हती. मी स्वतः त्या गुरुवारी पावसात प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये गेलो. भिंतीवर पोरांनी रंगवलेले डायनासोर, फळकुटाच्या आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. शेजारच्या खणात एक आजोबा घरून बॉलपेन घेऊन आलेले, कारण पेन्सिलीची फुली गुप्तहेर खातं खोडून टाकतं अशी आवई उठली होती. माझ्या व्हिसाचे चौदा महिने उरले होते. मी फुली मारली. कुठे मारली ते सांगत नाही, पानावरून उठवाल.

त्याच दिवशी स्विंडनमधल्या माझ्या ओळखीच्या गोंयकाराला मत नव्हतं. त्याचे आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत जन्मलेले. त्यांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली, आणि त्या कागदावर नातू पोर्तुगीज झाला, म्हणजे युरोपियन झाला, म्हणजे विलायतेत बिनव्हिशाचा झाला. लिस्बन त्याने विमान बदलण्यापुरतं पाहिलंय. गोदामात रात्रपाळी करतो, घरी कोंकणी बोलतो, रविवारी चर्चला जातो. स्विंडनमध्ये ५४.७ टक्के लोकांनी लीव्हला मत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच पाळीतल्या माणसाने त्याला प्रेमाने विचारलं, "मग, कधी निघालास?" युरोपला वैतागून दिलेल्या मताचा पहिला युरोपियन त्याला म्हापशाचा सापडला. अशी माणसं मंडळाच्या गणपतीत भेटतात तेव्हा आपण काय करावं? "पासपोर्टसाठी देश सोडला यांनी," असं मोदक खाता खाता हळूच म्हणावं. स्वतःचा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज गाडीच्या खणात राहू द्यावा.

आणखी एक पथ्य. प्रचारात लीव्हच्या भारतीय वंशाच्या नेत्या प्रीती पटेल वगैरे मंडळी सांगत होती की युरोपातली माणसं कमी झाली की करी हाउसना उपखंडातून आचारी आणता येतील. ती हॉटेलं बहुतेक सिल्हेटच्या बांगलादेशी लोकांची. त्यांनी भोळेपणाने विश्वास टाकला, आचारी काही आले नाहीत, आणि मालक हात चोळत बसले. आले ते दुसरेच. स्थलांतर आटोक्यात यावं म्हणून बाहेर पडलेल्या देशात जून २०२३ पर्यंतच्या वर्षभरात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेलं, आणि येणाऱ्यांत भारतीय पहिले. पोलंडचा गवंडी गेला, तुम्ही आलात. हे गणित ऑफिसात फळ्यावर मांडू नका.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. रेडिंगला लेकीकडे आले की बागेत बसून लीव्हरांना 'वंशवादी' म्हणतात. परक्याला हाकलायचं म्हणजे काय, संस्कृती आहे की नाही! दादरला परतले की टॅक्सीत बसता बसता ड्रायव्हरला गाव विचारतात, आणि उत्तर भारतातलं नाव ऐकलं की भूमिपुत्रांच्या हक्कांवर थेट सायनपर्यंत बोलतात. काकांना विसंगती दाखवायला जाऊ नका. काकांच्या दृष्टीने यात एक बारीक फरक आहे: रेडिंगला त्यांची मुलगी आहे.

पाच-सहा वर्षं गेली, दीड हजार पौंडांहून जास्त फी भरून तुम्ही नागरिक झालात, राजाच्या तसबिरीसमोर शपथ घेतलीत, की पहिल्या सुट्टीला स्पेनला जा. आलिकान्तेच्या विमानतळावर तुमचा नवा निळा पासपोर्ट हातात धरा आणि 'इतर सर्व पासपोर्ट' या रांगेत उभे राहा. तुमच्या पुढे झेंड्याचा टी-शर्ट घातलेला एक गृहस्थ उभा असेल, मागे तागाच्या पिशवीवाली, फ्रेंच मासिक वाचणारी एक बाई. दोघंही एकमेकांकडे बघणार नाहीत. आता बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे वेळ लागतो. गृहस्थाच्या पिशवीतल्या हॅम सँडविचला हरकत निघेल. तुमच्या आईचं साजूक तूप ज्या नियमात अडकायचं, त्याच नियमात. तुम्ही त्याला अनुभवी माणसाच्या नात्याने सांगा, वाद घालू नका, खाऊन टाका.

तेवढ्यात पलीकडच्या रिकाम्या मार्गिकेतून एक ओळखीचा चेहरा झपाझप जाईल. लालसर पासपोर्ट यंत्रावर टेकवेल, काच बाजूला होईल. तो वळून हात करेल आणि म्हणेल, "येतां हां!"