जबाबदारीने खेळावं कसं

मोबाईलवर जुगाराची जाहिरात लागायची तेव्हा शेवटी एक वाक्य यायचं. या खेळात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं, जबाबदारीने खेळा. जाहिरातवाल्यांच्याच परिषदेने 2020 च्या डिसेंबरापासून ते लागू केलं, आणि नेहमीच्या बोलण्याच्या वेगात म्हणा असंही बजावलं. प्रत्यक्षात ते बंदरावर सुरमईचा लिलाव पुकारल्यासारखं ऐकू यायचं. त्यामुळे आमच्या सिंधुदुर्गात पुष्कळांना त्यातला एकच शब्द नीट कळला : खेळा. दुसरा शब्द कसा वापरायचा ते कोणी सांगितलंच नाही. ते मी सांगतो. मी स्वतः खेळत नाही, पण चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिलो आहे. म्हणजे हरण्याचा अनुभव आहे, फक्त पत्ते हातात नव्हते.

सुरुवात नावापासून करा. जुगाराला जुगार म्हणायचं नाही. गणपतीत चाकरमानी आले की जागरणाला पडवीत सतरंजी पडते, मधोमध ताटलीत सुटे पैसे जमतात, आतून काकू उसळ-पाव पाठवते, ही परंपरा. दशावतार बघायला गेलात आणि मंडपाच्या मागे झेंडा-मुंडा हा फाशांचा डाव लागलेला दिसला, तर ती जत्रेची शोभा. फोनवर रमी लावली तर ते कौशल्य. चौघांत गाडी करून पणजीला गेलात तर पर्यटन. आणि तरीही कोणी डोकं खाल्लंच, तर हुकमाचं पान टाका : "आंबो म्हंजे तरी काय रे? जुगारच ना?"

या वाक्याला आमच्याकडे अजून कोणाला उत्तर सुचलेलं नाही. कारण ते निम्मं खरं आहे. थंडी पडली नाही तर मोहोर नाही, मोहोर आला तर तुडतुडे, त्यातून निभावलं तर मार्चात अवकाळी, आणि एवढं करून पेटी वाशीला गेली की दलालाची पट्टी हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. फवारणीचं बिल मात्र कधी चुकत नाही. बागायतदार खरोखरच डाव लावतो. फक्त त्याचा डाव बुडाला तरी कलम जाग्यावर उभं असतं, पुढच्या वर्षी पुन्हा मोहोरतं. माझ्या भावाने आकड्यावर लावलेल्या पैशाला अजून पालवी फुटलेली नाही. पण हे चर्चेत काढू नका, बैठक मोडते.

गणिताला तर घरात घेऊच नका. मटक्याचा जुना भाव आकड्याला रुपयाला नऊ, जोडीला रुपयाला नव्वद. आकडे दहा, जोड्या शंभर. शून्यापासून नवापर्यंत सगळ्या आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा : शंभर जातात, नव्वद येतात. म्हणजे ज्याचा आकडा रोज हमखास लागतो, तो माणूस रोज हमखास दहा रुपये हरतो. हे चौथीतल्या पोराला कळतं. म्हणून पोराला शाळेत पाठवा आणि तुम्ही टपरीवर जा.

मूळचा हा खेळ न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या भावांवर चालायचा. 1961 मध्ये ते भाव येणं बंद झालं, तरी कोणी धीर सोडला नाही. मडक्यात चिठ्ठ्या टाकल्या, पुढे पत्ते ओढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा धरला. कापूस गेला, ओपन आणि क्लोज, म्हणजे दिवसाचा पहिला आणि शेवटचा आकडा, तेवढे राहिले. आता आकडा शोधायला डोळे तेवढे उघडे हवेत. घाटात उलटलेल्या ट्रकचा नंबर, स्वप्नात पाहिलेल्या पायऱ्या, गेलेल्या माणसाचं वय. आमच्या वाडीत एक आजोबा वारले, तर खांदा द्यायला आलेल्यांपैकी दोघांनी मला वय दोनदा विचारलं. त्र्याऐंशी की चौऱ्याऐंशी, यावर ते फार व्याकूळ झाले होते. मला वाटलं, केवढी ही माया!

ऐपत असेल तर बांद्यावरून पुढे जा. गोवा सरकारने 2020 मध्ये आपल्या गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी जाहीर केली. यजमान स्वतःच्या पोरांना जे पान वाढत नाही ते पाहुण्याला आग्रहाने वाढतो, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गच्या एमएच सात नंबरच्या गाडीचा केवढा मान! मांडवीत उभ्या जहाजावर रूलेटचं चाक असतं. युरोपियन पद्धतीच्या चाकावर घरं 37. तुमचा नंबर आला तर वर 35 पट मिळतात, लावलेला एक धरून 36. उरलेल्या एका घरावर ते दिवे, ते गाणंबजावणं आणि तुमचं फुकटचं जेवण चालतं. तिथे लागोपाठ काळा येत राहिला की लालवर सगळं लावा, आता लाल यायलाच हवा. 1913 मध्ये मोंटे कार्लोला हाच विचार करून माणसं लालवर लावत गेली आणि काळा ओळीने 26 वेळा आला. मागच्या वेळी आपण कुठे पडलो होतो हे त्या चेंडूला आठवत नाही. आठवतं ते आपल्याला, आणि तेवढ्यावर आपण घर गहाण ठेवतो.

मर्यादाही जरूर ठरवा. भावाने रोजची पाचशेची ठरवली होती आणि तो ती कटाक्षाने पाळायचा. पाचशे गेले की नव्याने पाचशेची ठरवायचा. यातला मंत्र एकच : गेलेले काढायचे. जिंकायला तो कधीच बसला नाही. डॉक्टर लोक या आजाराची लक्षणं मोजतात त्यात हे एक ठळक लक्षण आहे म्हणे, पण तो त्याला हिशेबीपणा म्हणतो. रात्री दोनला पडवीत वाकळीखाली फोनचा उजेड. आतून काकूचा आवाज येतो, "झोपाक नाय रे अजून?" हा म्हणतो, "पावसाचा बघतंय गे आये, मोहोर भिजतलो." ती बिचारी देवाला हात जोडते आणि कूस बदलते.

मग 2025 च्या ऑगस्टची 22 तारीख आली, पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या ॲपांनी पैशाचे डाव गुंडाळले. गणपती पाच दिवसांवर. आम्ही घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. भाऊ मात्र पहिल्यांदाच सरकारवर भडकलेला पाहिला : त्याचं म्हणणं, त्याचे अडकलेले पैसे आता काढायचे कुठून? गौरी जेवल्या त्या दिवशी त्याला कोणीतरी वेगळी लिंक पाठवली होती.

आता जबाबदारी. ही एकट्याने उचलायची वस्तू नाही, वाटून द्यायची असते. खेळ तुमचा, जबाबदारी घरच्यांची. बाग करारावर दिल्याची सही काकांची. पतसंस्थेतल्या जामिनाची सही माझी. वहिनीच्या वाट्याला पाटल्या आल्या. लग्नातल्या, वीस वर्षं हातातल्या, निघेनात. ती मोरीवर बसली, मनगटाला कपड्याचा साबण चोळला, दात आवळून एकेक ओढून काढली आणि फेस धुवून त्याच्या हातावर ठेवली. "आठ दिसांत सोडवतंय," तो म्हणाला. मनगटावर जिथे पाटल्या होत्या तिथली कातडी फिकट होती. तिने त्यावर प्लास्टिकच्या बांगड्या चढवल्या आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

मदत घेण्याचा विषय निघाला तर काय करावं, हे शेवटी राहिलं. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, पण "याक रत्नागिरीक धाडूक व्हया" ही आमच्याकडची शिवी असल्यामुळे तिकडे पाऊल टाकायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचा विकार आहे खरा, पण त्या यादीला आमच्या वाडीत मान नाही. शिवाय या डॉक्टरांच्या मागण्या अपमानास्पद. सगळ्या कर्जांची यादी कागदावर लिहा. एटीएमचं कार्ड घरच्यांच्या हाती द्या. ज्या वेळी हात शिवशिवतात त्या वेळी कोणाशी तरी बोला. आणि घरच्यांना म्हणतात, त्याचं कर्ज गुपचूप फेडून त्याला सोडवू नका. हे मला फार उशिरा कळलं. मी पहिल्यांदा फेडलं तेव्हा तो माझ्या पाया पडला. दुसऱ्यांदा नुसता "बरा झाला" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "इतक्यातच भागवलंस?"

त्यापेक्षा देवळात कौल लावा. आम्ही लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं : ह्या लेकराक वायट वाटेवरसून परत हाड म्हाराजा, कोणाची नदर लागली आसात तर दूर कर म्हाराजा. आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो, भाऊ सर्वांत मोठ्याने. खेळणं सोडलं तर बरं होईल ना, असा प्रश्न घातला आणि उजवी कळी पडली, म्हणजे होय. देवाने इतकं स्वच्छ उत्तर माझ्या आठवणीत दिलेलं नाही. भाऊ गुरवाला म्हणाला, प्रश्न नीट ऐकू गेला नसेल, परत लाव. दुसऱ्यांदा पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा डावी पडली, तेव्हा तो नारळ ठेवून उठला. देवासमोरही तो गेलेले काढायलाच बसला होता.

गेल्या महिन्यात वहिनीने कुठूनसा एक नंबर मिळवला. 14416, टेली-मानस. सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, आमच्यापर्यंत यायला एवढी वर्षं लागली. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी तिने तो पेनाने ठळक लिहिला आणि त्याला काहीच बोलली नाही. मी त्या दिवशी तिथेच चहा पीत होतो. भाऊ आला, कॅलेंडरापुढे थांबला. बराच वेळ थांबला. ओठ हलत होते. वहिनीने चुलीवरची भाकरी परतायची ठेवली, ती करपायला लागली तरी तिचं लक्ष त्याच्याकडे. माझ्याही मनात आशा आली, खोटं का बोलू.

"एक नि चार पाच," तो पुटपुटला, "नि चार नव, नि एक धा, नि सहा सोळा." मग माझ्याकडे वळला. चेहरा उजळला होता.

"ओपनाक सहा."